निळा रंग दिलेली गाडी

नवसाबाई आत्यांनी पदराची गाठ सोडली, आतून कागदाची बारीक पुडी काढली आणि सासरी निघालेल्या लेकीच्या हातात गुपचूप काहीबाही कोंबावं तशी ती योगिनीच्या मुठीत कोंबली.

"अर्धीच घाल," त्या म्हणाल्या. "मला झोपेसाठी दिल्यात डॉक्टरनी. मी बी अर्धीच घेते. चहात लगेच विरघळते. कडू लागंल म्हणून साखर जरा सढळ टाक."

शेगडीवर हळदीच्या जेवणाची डाळ रटरटत होती. योगिनीचा डावावरचा हात थांबला.

"कुणाच्या चहात, आत्याबाई?"

"कुणाच्या म्हंजे? तुझ्या धाकल्या जावंच्या. घाणा झाला, सार्थकला हळद लागली, की तिला चहा दे. डोळा लागला की गाडीत मागं गादीवर निजवू. उष्टी हळद घेऊन गाडी लासलगावला निघंल. तिला जाग येईल तवा ती नवरीच्या दारात. दोन वर्सांची भीती दीड तासात संपली का नाय बघ."

आणि त्या हसल्या. वाईट हसल्या असत्या तर बरं झालं असतं. खोकणाऱ्या लेकराच्या छातीला तेल चोळायला बसावं, तशा मायेनं त्या बोलत होत्या, आणि त्या मायेनंच योगिनीच्या अंगावर काटा आला.

"कुठली गाडी?"

"आपलीच की. निळी."

बोडक्यांच्या मळ्यात त्या पिकअपला सगळे 'निळी' म्हणत, जणू ती जन्माचीच निळी होती. दोन वर्षांमागं ती पांढरी होती. पुतण्याच्या लग्नातली उष्टी हळद नवरीकडं पोचवून परत येताना तिच्या हौद्यात या घरच्या तीन बायका बसल्या होत्या. मधे सासू साळूबाई, उजवीकडं थोरली सून योगिनी, डावीकडं धाकटी वैष्णवी. गाडी महेश चालवत होता, साळूबाईंचा थोरला, योगिनीचा नवरा. सायखेड्याच्या अलीकडं तो उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला गेला आणि गाडी रस्ता सोडून शेतात उलटली. साळूबाई जागच्या जागी गेल्या. योगिनीची मांडी मोडली. महेशच्या कपाळाला टाके पडले. वैष्णवीला खरचटलंसुद्धा नाही. अँब्युलन्स येईपर्यंत ती सासूचं डोकं मांडीवर घेऊन ढेकळांत बसून होती. त्यानंतर ती कुठल्याच गाडीत चढली नाही. एसटीत नाही, जीपमध्ये नाही, नवऱ्याच्या मोटारसायकलवरसुद्धा नाही.

आणि महेशनं ती गाडी मोडीत काढली नाही. गाडीचा काय दोष, म्हणाला. पत्रा ठोकून घेतला, पांढऱ्यावर निळा रंग चढवला आणि पुढच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'आईची पुण्याई'. ज्या गाडीनं आई नेली, तिच्याच कपाळावर आई लिहिली. घरातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, आणि वैष्णवीला सांगितलं की नवी घेतली.

"मी का देऊ चहा?" योगिनीनं विचारलं. "तुम्हीच द्या."

"माझ्या हातचा तिला संशय येईल. तुझ्यावर तिचा जीव हाय." आत्यांनी तिच्या दंडावर हात ठेवला. "आगं, तिच्याच भल्याचं हाय. आठ दिस झाले, एकच धोशा. उष्टी हळद मी नेणार, आन् पायी नेणार. सिन्नरपासून लासलगाव, पायी. नवरीकडचे काय म्हणतील? बोडक्यांच्या दारात तीन गाड्या, आन् सून हळदीचा डबा घेऊन भिकारणीसारखी चालत आली? तू कशी उभी राहिलीस बघ. तुझा तर पाय मोडला व्हता. तिला काय झालंतं? साधं खरचटलं नाय."

साधं खरचटलं नाय. हे वाक्य या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असेल.

योगिनीनं पुडी कमरेला खोचली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आत्यांनी त्याचा हो असा अर्थ घेतला आणि बांगड्या वाजवत त्या मांडवात गेल्या.

*

बैठकीच्या खोलीत साळूबाईंचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार. आणि फोटोच्या शेजारी, तितक्याच उंचीवर, तितक्याच मोठ्या चौकटीत योगिनीचा सत्कार टांगलेला होता.

मागच्या महिला दिनाला नाशिकच्या एका मंडळानं तिला बोलावलं होतं. अपघातानंतर वर्षाच्या आत तिनं सिन्नरच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी डबे सुरू केले, चार बायकांना कामाला लावलं, म्हणून शाल, श्रीफळ आणि सोनेरी अक्षरांचा कागद. मानसशास्त्राच्या एक मॅडम तिथं बोलल्या. म्हणाल्या, काहींचा स्वभावच लवचिक असतो. बोलक्या, मोकळ्या, माणसांत रमणाऱ्या माणसांना आघातातून वर यायला तो स्वभाव हात देतो. काही तर आधीपेक्षा मोठी होऊन बाहेर पडतात. पुढं त्या असंही म्हणाल्या होत्या, की गप्प माणसंही सावरतात, फक्त त्यांचं सावरणं बाहेरून दिसत नाही, त्यांना घाई करू नये. पण हे दुसरं वाक्य नाशिकच्या त्या हॉलमध्येच राहिलं. सिन्नरला पोचलं ते पहिलं. तेव्हापासून घरात कुणीही, कशावरूनही म्हणे, "मॅडम बोलल्याच की. योगिनीचा स्वभावच तसा." आणि मग सगळ्यांचे डोळे आपोआप वैष्णवीकडं वळत.

योगिनी हसून सोडून द्यायची. हसणं तिला सोपं जायचं. प्लास्टरमधल्या पायानं ती खाटेवर पडली होती तेव्हा दुपारी घर रिकामं व्हायचं आणि त्या शांततेत तिला ढेकळांवर घसरणाऱ्या पत्र्याचा आवाज ऐकू यायचा. म्हणून तिनं डबे सुरू केले. भाकरी थापणाऱ्या बायका घरात बोलतात, भांडतात, गाणी लावतात. आवाज राहतो. झोपतानाही तिच्या उशाशी मोबाइलवर काही ना काही बडबड चालू असायची. धाडस कसलं आणि पराक्रम कसला. ती आवाजाच्या आडोशाला बसली होती, आणि लोकांनी त्या आडोशावर शाल घातली होती.

आता त्याच शालीचा चाबूक करून घरातले तो वैष्णवीच्या पाठीवर ओढत होते.

महेश दारात आला. नव्या पांढऱ्या शर्टावर आधीच हळदीचा डाग पडला होता.

"आत्या बोलली ना तुझ्याशी?"

"बोलल्या."

"मग? राजूला पण फोन केलता. तो उद्या रेल्वेनं सरळ लासलगावला उतरणार. म्हणला, दादा, तुम्ही ठरवाल तसं."

"बायको त्याची. ठरवणार तुम्ही. छान."

"योगिनी, उगाच शब्द वाढवू नको. मंगळू गाडी हळू नेईल. हरसूलच्या घाटात चालवलेला माणूस आहे तो."

"आणि ती वाटेत जागी झाली तर? हौद्यात, आडवी, त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर?"

महेशनं नजर फोटोकडं वळवली. "तिला कुठं माहितीये, कुठली गाडी ते."

"तुम्हाला तर माहितीये ना?"

कपाळावरच्या टाक्यांच्या वणावर महेशचं बोट गेलं, तसं ते नेहमी जायचं, आणि तो बाहेर पडला.

*

मांडवात उखळ मांडलं होतं. बोडक्यांच्या घरी घाण्याला दोन मुसळं लागतात. त्यांना आंब्याची पानं लावून एकाच सुतानं बांधतात आणि सुना ती मिळून धरतात. हळकुंड कुटताना दोघींचा हात एक व्हावा लागतो. एकीनं ओढलं आणि दुसरीनं रोखलं की मुसळ उखळाच्या काठावर आपटतं. साळूबाई होत्या तोवर त्या शेजारी बसून आवतन गायच्या. आवतन म्हणजे लग्नाला देवांना, नद्यांना आणि घरच्या गेलेल्या माणसांना बोलावणं. ते गायल्याशिवाय या घरात हळकुंडावर पहिला घाव पडत नसे. त्या गेल्या आणि आवतन त्यांच्याबरोबर गेलं, असं सगळे धरून चालले होते.

"मोबाइलवर लावू की एखादं," नवसाबाई आत्या म्हणाल्या. "सार्थक, बघ रे, घाण्याची गाणी म्हणून टाक. लय येत्यात."

पाटावर बसलेल्या सार्थकनं, या घरच्या शेंडेफळानं, मुंडावळ्या सावरत फोन काढला. "आत्या, यात तर डीजेचंच येतंय."

"मग तेच लाव. कुटायला जोर येईल." बायका हसल्या. योगिनीलाही सवयीनं हसू आलं, आणि मग कमरेची पुडी टोचली.

"नको लावू, भाऊजी," वैष्णवी म्हणाली.

ती मुसळाच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. काटक झाली होती. उन्हानं रापली होती, आणि तिचे पाय, एका मोठ्या घरच्या सुनेला शोभू नयेत असे भेगाळलेले, जमिनीवर घट्ट होते. तिनं मुसळ धरलं, डोळे मिटले आणि आवाज लावला. आधी तो फाटला, घुसमटला. मग मोकळा झाला.

*पहिलं आवतन धाडिते डोंगराला,*
*हळद लागती माझ्या धाकल्या लेकराला.*

*दुसरं आवतन धाडिते गोदामाई,*
*मांडवाच्या दारी तुझी गं वाट पाही.*

चाल साळूबाईंची होती. शब्दावर थांबायची, श्वास घ्यायची रीतही तीच. बाजेवर बसलेल्या केरूनानांनी, साळूबाईंच्या धन्यानं, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

*तिसरं आवतन, धाडू मी कुणासंगं,*
*सासूबाई पुढं गेल्या, मुसळ राहिलं मागं.*

पहिला घाव पडला. योगिनीच्या हाताला धक्का बसला तो हळकुंडाचा नव्हता. तिचा हात नेहमी घाईनं वर जायचा, आणि वैष्णवी तो जरा धरून ठेवायची. आज योगिनीनं ओढायचं सोडून दिलं आणि वैष्णवीच्या चालीनं कुटत राहिली.

"कुठून शिकलीस गं?" तिनं हळूच विचारलं.

"चिमणाबाईकडून. पाटाच्या पलीकडच्या वस्तीवर राहतात. आईंच्या लहानपणीच्या मैत्रीण." मुसळ वर, मुसळ खाली. "रोज चालत जायचे. मला चालायला कुठंतरी ठिकाण हवंच होतं, ताई. शेवटची ओवी मात्र माझी."

दोन वर्षं हे घर म्हणत होतं, पोरगी रानोमाळ हिंडते. डोक्यावर परिणाम झालाय. आणि ती हिंडत नव्हती. सासूचं जे जमिनीत गेलं होतं ते एकेक कडवं करून वेचून आणत होती. योगिनीला रडू आलं नाही. तिला राग आला.

*

सार्थकला हळद लागली. पाच जणींनी लावली, अंगाखांद्यावर पिवळं झालं, आणि उरलेली उष्टी हळद पितळी डब्यात भरून देवापुढं ठेवली. मंगळूनं निळी मांडवाच्या दारापर्यंत आणली. हौद्यात गादी टाकलेली होती. तिच्यावर स्वच्छ धुतलेली चादर, आणि उशी. उशी बघून योगिनीचं मस्तक फिरलं.

"चहा दे गं सगळ्यांना, योगिने," आत्या सांकेतिक आवाजात म्हणाल्या.

ती आत गेली. चहा गाळला, कप मांडले. ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांना दिला. वैष्णवीला दिला. मग कमरेची पुडी काढली, सगळ्यांच्या देखत उलगडली आणि गोळी आत्याबाईंच्या बशीत ठेवली.

"तुमची राहिलीये, आत्याबाई. झोपेची. म्हणालात, अर्धी वैशूच्या चहात घाल. मी पूर्ण परत करते."

वैष्णवीनं हातातला कप ओठांपासून दूर केला आणि त्यात पाहिलं.

"त्यात नाही काही," योगिनी तिला म्हणाली. "माझी शपथ."

"आता लोकांपुढं माझा उद्धार कर," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता, खराखुरा. "माझ्या पोटात काय पाप व्हतं का? भावाचं घर म्हणून जीव तुटतो. किती दिस सांभाळायचं तिला काचेच्या भांड्यासारखं? तुझ्यासारखी खंबीर असती तर..."

"माझं नाव घेऊ नका."

"का घेऊ नको? खोटं हाय का?"

"खोटं आहे." योगिनी आत गेली. खिळ्यावरून चौकट काढून आणली आणि आत्यांच्या मांडीवर ठेवली. "ही घ्या. दोन वर्षं तुम्ही मला हिच्यापुढं पट्टीसारखी धरलीत. योगिनीएवढी उंची गाठ, मग तुला माणूस म्हणू. मी बोलते, हसते, चार माणसांत बसते, हे माझं जन्माचं आहे, मी ते मिळवलेलं नाही. ती गप्प असते, तेही तिचं जन्माचं आहे. आई होत्या तेव्हा याच गप्पपणाचं तुम्हाला केवढं कौतुक होतं. गुणाची सून, तोंडातून शब्द नाही. आता तोच गुण रोग झाला? दोघींच्या अंगावर एकच गाडी उलटली, आत्याबाई. मला शाल आणि तिला झोपेची गोळी?"

"आवाज कमी कर," महेश म्हणाला. "पाहुणे आहेत."

"असू देत." ती त्याच्याकडं वळली. तिनं मंगळूपुढं हात केला. त्यानं एकदा महेशकडं पाहिलं आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती नवऱ्यापुढं धरली. "घ्या. तुम्हीच न्या हळद. गाडीचा काय दोष, तुम्हीच म्हणालात ना? मांडवाच्या दारापासून फाटकापर्यंत चालवून दाखवा, मी स्वतः वैशूला उचलून गाडीत बसवते."

महेशचा हात वर आला. किल्लीपर्यंत आला. बोटं तिच्या जवळ थांबली, आणि सगळ्या मांडवाला दिसलं की ती बोटं थरथरतात.

दोन वर्षांत त्यानं कुठल्याच गाडीच्या चाकाला हात लावला नव्हता. मंगळूला ठेवलं, ते कांद्याचा धंदा वाढला म्हणून. मोटारसायकल सार्थकला दिली, ती पोराला हौस म्हणून. लासलगावला मंगळूशेजारी बसून जायचा आणि सायखेड्याचा रस्ता आला की फोनवर बोलायला लागायचा. मंगळू आणि योगिनी सोडून हे कुणाला माहीत नव्हतं. योगिनीला माहीत होतं, कारण ती त्याच्या शेजारी झोपत होती.

"यांनी ड्रायव्हर ठेवला, तर तो व्याप वाढला म्हणून," ती म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. "तिनं पाय ठेवले रस्त्यावर, तर ती खुळी. पुरुषाच्या भीतीला पगार देऊन माणूस मिळतो. बाईच्या भीतीला चहा."

महेश खुर्चीत बसला नाही, अंगातलं काहीतरी काढून घेतल्यासारखा नुसता खाली टेकला.

तेव्हा वैष्णवी उठली. कप बाजूला ठेवला, पदर खोचला आणि सरळ निळीकडं गेली. तिनं हौद्याच्या मागच्या फळीवर हात ठेवला, ओळखीच्या गुरावर ठेवावा तसा.

"पांढरीच आहे ही," ती म्हणाली. "डाव्या बाजूची कडी अजून वाकडी आहे. उलटताना मी तिलाच धरलं होतं. रंग देणाऱ्याला काय ठाऊक."

महेशनं मान वर केली. "कधीपासून माहितीये तुला?"

"आणली त्या दिवसापासून, दादा. तुम्ही काचेवर आईचं नाव लिहून घेतलंत, तेव्हा मी शेडच्या मागं होते. आधी लांबून बघायचे. मग जवळ जायला लागले. मग हात लावला. परवा या फळीवर बसले होते. बंद होती गाडी, पण बसले." तिनं गादीवरची उशी उचलली आणि खाली ठेवून दिली. "मला इथवर यायला दोन वर्षं लागली. आज तुम्ही मला झोपेत इथं घातलं असतं आणि इथंच जाग आली असती, तर मी पुन्हा कधीच आले नसते. कुणाजवळच."

ती हे चिडून बोलली नाही. दाणे निवडावेत तसं एकेक वाक्य बाजूला काढून ठेवलं. म्हणून ते जास्त लागलं.

आत्यांनी बशीतली गोळी उचलली, मुठीत धरली, कुठं टाकावी ते त्यांना कळेना. "मला कुणी सांगितलं का हे?" त्या पुटपुटल्या. "कुणी सांगतच नाय या घरात काही."

"विचारलं कुणी?" योगिनी म्हणाली.

केरूनाना बाजेवरून उठले. टोपी डोक्याला घातली, आत गेले आणि देवापुढचा पितळी डबा घेऊन आले. तो त्यांनी साळूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला. म्हाताऱ्या बोटांना गाठ जमेना. कुणी मदतीला पुढं झालं तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

"आमच्या लग्नात हळद पायीच गेली व्हती," ते म्हणाले. "माझी चुलती घेऊन गेली व्हती साळूच्या दारी. गाडी कुणाच्या बापाकडं व्हती तवा? कुणी भिकारीण म्हणलं नाय तिला. पाय धुतले तिचे." त्यांनी डबा वैष्णवीच्या हातात दिला. "नवरीची हळद उद्या सांजंला हाय. पोचशील?"

"आज सायखेड्याला मावशीकडं टेकते, नाना. उद्या दुपारपर्यंत पोचते."

"सायखेड्याच्या रस्त्यानंच?"

"त्याच रस्त्यानं."



*

योगिनीनं घाईघाईनं पिशवी भरली. दशम्या, पाण्याची बाटली, दोन साड्या, पायाला चोळायचं तेल. चपला बदलून ती फाटकाशी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"चल," ती वैष्णवीला म्हणाली. "मी पण येते. मांडी दुखली तर दुखली. तुला एकटीला सोडणार नाही मी."

वैष्णवीनं तिच्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली.

"ताई, तू नको."

"का?"

"तू वाटभर बोलशील. मला त्या वळणावर गप्प राहायचंय."

योगिनीला राग यायला हवा होता, आणि राग आलाही, पण तो कुठं ठेवावा ते तिला सापडेना, कारण दिवसभर ज्याच्यासाठी ती भांडली ते हेच होतं. ज्याची त्याची रीत ज्याला त्याला राहू द्या.

"मग एकटी जाणार?"

वैष्णवीनं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि मांडवाकडं वळून हाक मारली.

"दादा, येता का?"

महेश मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं आधी मागं पाहिलं, जणू दुसऱ्या कुणा दादाला हाक आली असावी.

"पायी?" त्यानं विचारलं.

"पायीच. वळणापाशी थांबायचं असलं तर थांबू. नसलं तर नाही."

तो आला. बायकोशेजारून जाताना क्षणभर थांबला. योगिनीनं किल्ली मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं त्याच्या शर्टावरचा हळदीचा डाग उगाच झटकला. तो गेला नाही. हळद तशी जात नाही.

दोघं कांद्याच्या वाफ्यांमधून रस्त्याला लागली. तिच्या काखेत डबा, त्याच्या खांद्याला पिशवी, मधे हातभर अंतर. दोघंही बोलत नव्हती. योगिनी ती ठिपके होईपर्यंत बघत राहिली.

मग ती वळली. मांडवात बायका पुन्हा बोलायला लागल्या होत्या, कपबश्या खणखणत होत्या, सार्थकनं शेवटी डीजेचं गाणं लावलंच होतं. तिकडं तिची जागा तयार होती. जाऊन बसायचं, एखादी थट्टा करायची, की सगळं पुन्हा सुरू. तिनं किल्ली मंगळूला दिली आणि म्हणाली, शेडमध्ये लाव, नंतर तिथं कुणाला येऊ देऊ नको.

शेडमध्ये अंधूक होतं. इंजिन बंद झालं, मंगळू गेला, गाणं भिंतीपलीकडं राहिलं. योगिनीनं मोडून जुळलेला पाय फळीवर टाकला, दातओठ खात वर चढली आणि उजव्या बाजूला बसली. तिच्या जागी. मधली जागा तिनं मोकळी ठेवली.

मोबाइल कमरेला होता. तिनं तो काढला, बंद केला आणि उलटा ठेवला.

"योगिने," आत्यांची हाक आली. "आगं योगिने, पंगत बसायचीये, गेली कुठं ही?"

पत्र्याचा तो घसरणारा आवाज लांबून यायला लागला होता. योगिनीनं हाकेला ओ दिली नाही. मधल्या मोकळ्या जागेवरून वाकून हात लांबवला, डावीकडची वाकडी कडी धरली, आणि आवाजाला जवळ येऊ दिलं.